आज बसायचं का?

‘बसणे’ हे क्रियापद अकर्मक आहे असं शाळेत शिकवलं होतं. हॉस्टेलला आल्यावर कळलं की त्याला कर्म असतं आणि ते क्वार्टरमध्ये मोजतात. “आज बसायचं का?” असं कुणी विचारलं की कुठे, कशावर, कशासाठी हे कुणी विचारत नाही. विचारतात ते फक्त “कोण कोण आहे?” आणि मला वाटतं खरी गोष्ट त्या दुसऱ्या प्रश्नातच आहे. एफ.ई.ला असताना आमच्यातल्या निम्म्या मुलांना बिअरची चव आवडतही नव्हती. आवडायचं ते गोल करून बसणं, कुणीतरी गाणं म्हणणं, मास्तरांच्या नकला आणि रात्री दोनला एखाद्याचं खरं दुःख बाहेर येणं. (महाराष्ट्रात बिअर प्यायला 21 आणि बाकीच्या दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे कायद्याने बघितलं तर आमचा अख्खा मजला आत जायला पाहिजे. असो.)

तर मित्रांनो, हा लेख माझ्या रूम पार्टनरबद्दल आहे. त्याने तो वाचलाय, दोन परिच्छेद काढायला लावलेत आणि “बाकी छाप” म्हणालाय. नाव त्याचंही नाही आणि माझंही नाही.

एस.ई.ला असताना त्याचं पिणं रोजचं झालं. चौथ्या सेमला पेपरच्या दिवशी सकाळी हात थरथरतात म्हणून थोडी घेऊन गेला, तेव्हा आम्हाला ते ‘भारी’ वाटलं होतं. आज ते आठवलं की पोटात कालवतं. घरच्यांनी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथे 35 दिवस राहून जुलैच्या शेवटी तो हॉस्टेलला परत आला. वजन वाढलेलं, चेहरा स्वच्छ, सकाळी सहाला उठणारा. आम्हाला वाटलं, झालं, सुटला बिचारा. संध्याकाळचे सात वाजेपर्यंत आम्हाला तसंच वाटत होतं.

सातला त्याला काय करायचं तेच कळेना. मेस उघडायला अजून एक तास. अभ्यासाची सवय दीड वर्षापूर्वीच मोडलेली. मोबाईल उघडायचा, बंद करायचा. गॅलरीत जायचा, परत यायचा. शेवटी मीच म्हणालो, “अरे, एकटा काय बसतोस? आमच्यात ये ना. तू कोल्ड्रिंक घे, चकणा खा.” मला ते मैत्रीचं बोलणं वाटलं होतं. तो आला, तासभर शेंगदाणे खाल्ले, हसला पण. रात्री झोपेतून उठून बघतो तर हा खुर्चीत बसलेला, दोन्ही हात मांडीखाली दाबून. म्हणाला, “वास येतोय रे तुझ्या शर्टाला.”

हे असं का होतं ते मला नंतर समजलं. पावलॉव्हचा कुत्रा बारावीच्या क्लासला आपण सगळ्यांनी ऐकलाय. खाण्याआधी ठरावीक आवाज रोज ऐकवला की पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. दारूच्या बाबतीत हा ‘आवाज’ म्हणजे सात वाजणं, ग्लासचा किणकिणाट, खारे शेंगदाणे, आमचीच खोली आणि, वाईट वाटेल पण, आम्हीच. वारंवार पिण्याने मेंदूत दारू आणि भोवतालच्या खुणा यांची गाठ बसते आणि दारू सोडली म्हणून गाठ लगेच सुटत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हिस्टेरिसिस. फील्ड काढून घेतलं तरी लोखंडात चुंबकत्व शिल्लक राहतं आणि ते घालवायला उलट्या दिशेने जोर लावावा लागतो. (मेकॅनिकलवाल्याने हे लिहिलं म्हणून इलेक्ट्रिकलवाल्यांनी हसू नये.) म्हणूनच केंद्रात सांगतात की सुरुवातीचे महिने जुनी माणसं, जुन्या जागा, जुन्या वस्तू टाळा. सल्ला बरोबर आहे. पण हॉस्टेलच्या मुलाने तो पाळायचा कसा? जुनी जागा म्हणजे त्याची कॉट आणि जुना माणूस समोरच्या कॉटवर!

शिवाय सगळं टाळलं तर उरतं काय? नुसता एकटेपणा. आणि तोही तितकाच धोक्याचा.

इथे मला उंदरांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1970च्या दशकाच्या शेवटी कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात ब्रूस अलेक्झांडर या मानसशास्त्रज्ञाने उंदरांसाठी एक मोठी ऐसपैस वसाहत बांधली. खेळायला डबे, चाकं आणि भरपूर सोबती. तिला नाव पडलं ‘रॅट पार्क’. दुसरीकडे नेहमीच्या छोट्या पिंजऱ्यांत एकेकटे उंदीर. दोघांनाही साधं पाणी आणि मॉर्फिन घातलेलं गोड पाणी दिलं. एकटे उंदीर मॉर्फिनचं पाणी कितीतरी जास्त पीत होते. पुढे हा प्रयोग ज्यांनी पुन्हा करून पाहिला त्यांना प्रत्येक वेळी तसाच निकाल मिळाला नाही, त्यामुळे एवढ्यावरच झेंडा लावून नाचू नये. पण 2018 साली अमेरिकेत मार्को व्हेनिरो आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग जास्त काटेकोर आहे. उंदरांना आधी हेरॉईन किंवा मेथॲम्फेटामिनची सवय लावली. मग दोन लिव्हर ठेवले. एक दाबला की ड्रग मिळणार, दुसरा दाबला की दार उघडून एक मिनिट दुसऱ्या उंदराचा सहवास मिळणार. बहुतेक सगळ्या उंदरांनी दार उघडणारा लिव्हर निवडला. सवय जुनी झालेली असतानासुद्धा!

पण त्याच प्रयोगातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो फारसा कुणी सांगत नाही. लिव्हर दाबल्यावर दार उघडायला उशीर होईल अशी व्यवस्था केली, तेव्हा उंदीर पुन्हा ड्रगकडे वळले. सोबत हवी होती, पण ती उशिरा मिळून चालत नव्हती. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण “रविवारी भेटू ना यार, निवांत बोलू” हे वाक्य मंगळवारी संध्याकाळी सातला गॅलरीत उभ्या असलेल्या मुलाला किती उपयोगाचं आहे, ते यावरून लक्षात यावं. बाटलीला कधीच सबमिशन नसतं, ती नेहमी मोकळी असते.

माणसांवरचाही एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मार्क लिट आणि सहकाऱ्यांनी दारूचं व्यसन असलेल्या लोकांवर असे उपचार करून पाहिले, ज्यांचा रोख त्यांचा गोतावळा बदलण्यावर होता. 2009 साली त्यांनी लिहिलं की गोतावळ्यात न पिणाऱ्या एका माणसाची भर पडली, तरी पुढच्या वर्षभरात दारूपासून लांब राहण्याची शक्यता 27 टक्क्यांनी वाढलेली दिसली. लक्षात घ्या, एका माणसाची. अख्खं गाव बदलायची गरज नाही.

आता विसर्जन. परत येऊन त्याला जेमतेम दीड महिना झाला होता. मिरवणुकीत सगळे नाचत होते. ड्राय डे होता, त्यामुळे माल कोल्ड्रिंकच्या बाटलीतून फिरत होता. बाटली त्याच्या हातात आली. आत काय आहे हे त्याला माहीत होतं, त्याने मला तसं स्पष्ट सांगितलंय, त्यामुळे ‘फसवून पाजली’ वगैरे नाही. तीन-चार घोट घेतले. आणि मी? मी शेजारीच होतो. मला दिसलं आणि मी म्हणालो, “जाऊ दे, आज विसर्जन आहे. एक दिवस काय होतंय?” या वर्षभरात मी जे काही बोललो त्यातलं हे एक वाक्य मला परत घ्यायचं आहे.

अशा वेळी घोटापेक्षाही धोकादायक असतो तो घोटानंतरचा विचार. ‘आता तर प्यालोच. 35 दिवस पाण्यात गेले. मग अर्धं कशाला?’ ॲलन मार्लट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर यावर काम केलं. त्याच्या पाहणीत पुन्हा पिण्याच्या जवळजवळ तीन चतुर्थांश प्रसंगांमागे तीनच गोष्टी निघाल्या: मनाची वाईट अवस्था, कुणाशी झालेलं भांडण आणि मित्रांचा आग्रह. आणि त्याचं म्हणणं असं, की पाय घसरणं वेगळं आणि दरीत जाणं वेगळं. घसरल्यावर स्वतःला नालायक ठरवलं की माणूस दरीत जातो. घसरलो कुठे, कसा, कुणाबरोबर होतो हे बघितलं तर वर येता येतं.

तो त्या रात्री मिरवणूक सोडून निघाला. चौकात उभं राहून केंद्रातून मिळालेल्या नंबरवर फोन केला. तो नंबर एका काकांचा होता. दारू सोडून त्यांना 19 वर्षं झाली होती. ढोल-ताशात ऐकू येत नव्हतं म्हणून काका म्हणाले, “तू जिथे आहेस तिथेच थांब, मी येतो.” अर्ध्या तासात स्कूटरवर आले. उपदेश केला नाही. गाडीवर चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगला घेऊन गेले. म्हणजे दार उघडायला उशीर झाला नाही.

ही मीटिंग अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे ए.ए.ची. तिचा जन्मही असाच एका फोनमधून झाला, ती हकीकत मोठी छान आहे. मे 1935. न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामाला ओहायोतल्या ॲक्रन गावी गेला होता. दारू सोडून पाचेक महिने झालेले. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा. एका बाजूला बारमधून हसण्याचे आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चची यादी. त्याने फोन उचलला आणि एकामागून एक नंबर लावत, दारूशी झगडणारं कुणी भेटेल का अशी विचारणा केली. त्यातून गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटं म्हणून भेटलेले ते दोघे कित्येक तास बोलत बसले. (बसले! आपल्या अर्थाने नव्हे.) डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 रोजी आणि तीच ए.ए.ची स्थापनेची तारीख मानतात. विल्सनला उपदेश ऐकायचा नव्हता. त्याला तोच त्रास भोगलेला दुसरा माणूस समोर हवा होता.

पहिल्या मीटिंगहून आमचा पार्टनर वैतागून आला. एका शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, भिंतीवर पाढे. जमलेल्यांत एक रिक्षावाले, एक बँकेतून रिटायर झालेले, एक दुकानदार. याच्यापेक्षा वयाने सगळ्यात जवळचा माणूस 38 वर्षांचा. “तिथे मी काय बोलू यार? त्यांना त्यांच्या मुलाची लग्नं पडलीत, मला एम-थ्रीचा बॅकलॉग.” हे खरं दुखणं आहे. विशीतल्या मुलाला व्यसनातून बाहेर पडताना समवयस्क कुणी सापडत नाहीत, कारण त्याच्या वयाचे सगळे अजून ‘मजा’ या सदरात पीत असतात. अमेरिकेत यावर वेगळी वाट काढली. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात 1988 साली अशा विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसमध्येच वेगळं निवासस्थान सुरू झालं. सगळे एकाच वयाचे, सगळे दारू सोडलेले, सगळ्यांना परीक्षा. आपल्याकडे पु. ल. आणि सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून आणि डॉ. अनिता व अनिल अवचट यांच्या कष्टातून पुण्यात 1986 साली ‘मुक्तांगण’ उभं राहिलं, हे तुम्हाला माहीत असेल. पण केंद्रातून बाहेर पडलेला मुलगा कॉलेजात परततो, तेव्हा कॉलेजात त्याच्यासाठी काय असतं? एक नोटीस बोर्ड, ‘व्यसनांपासून दूर राहा’ असं पोस्टर आणि मागे आम्ही.

तरी तो जात राहिला. मंगळवार आणि शनिवार. तिथला चहा फार वाईट असतो असं तो अजूनही म्हणतो. पण रिक्षावाल्या काकांनी सांगितलेली एक युक्ती त्याने कपाटाच्या दाराला चिकटवली: उपाशी, चिडलेला, एकटा, थकलेला. तलफ आली की आधी बघायचं, यातलं काय आहे. बऱ्याचदा एक वडापाव खाल्ल्यावर अर्धी तलफ उतरते. पण सबमिशनच्या आठवड्यात माणूस एकाच वेळी हे चारही असतो. त्या आठवड्यात काका रोज रात्री फोन करायचे.

संध्याकाळचा प्रश्न सुटला तो बाहाच्या वर्कशॉपमध्ये. आमच्या बाहा टीमला वेल्डिंगला हात कमी पडत होते. कुणीतरी त्याला नेलं. संध्याकाळी साडेसहा ते दहा, रोल केजचे पाईप कापायचे, तोंडं घासून जुळवायची. ‘मित्र जोडा’, ‘छंद जोपासा’ असे सल्ले सगळेच देतात. पण मला त्याच्याकडे बघून असं वाटतं की नुसता छंद पुरत नाही. वेळ ठरलेली पाहिजे. हात गुंतलेले पाहिजेत, म्हणजे बोलायला काही नसलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. आणि आपण नाही गेलो तर कुणाचं तरी काम अडलं पाहिजे. नवीन मैत्री गप्पांतून होते हा आपला गैरसमज आहे. एकाने पाईप धरायचा आणि दुसऱ्याने टाका मारायचा, असं महिनाभर केलं की मैत्री झालेली असते. त्या टीममधल्या एका ज्युनिअरला त्याने सगळं सांगितलं. सगळ्यांना सांगायची गरज नसते. पण एकाला माहीत असावं, म्हणजे पार्टीत नजरेनेच ‘निघायचं का?’ विचारता येतं.

नाही कसं म्हणायचं, यावरही प्रयोग झाले. “अँटिबायोटिक चालू आहे” ही थाप पाच दिवस टिकते. “घरी शपथ घातलीय” म्हटलं की लोकांना शपथ मोडायला उत्साह येतो. सगळ्यात चाललं ते, “मी घेत नाही.” पुढे काही नाही. कारण दिलं की वाद घालायला जागा मिळते. हातात लिंबू-सोड्याचा भरलेला ग्लास ठेवायचा, म्हणजे कुणी विचारतच नाही. स्वतःच्या गाडीने जायचं, म्हणजे हवं तेव्हा निघता येतं. आणि अल्कोहोल नसलेली बिअर हा पर्याय काकांनी साफ नाकारला. वास तोच, फेस तोच, मग मेंदूला घंटा तीच!

आपल्यासारख्यांसाठी दोन गोष्टी, आणि त्या गंभीर आहेत. गंमत म्हणून कुणाच्या कोल्ड्रिंकमध्ये व्होडका मिसळू नका. दारू सोडलेल्या काहींना डायसल्फिरम नावाची गोळी चालू असते. तिच्यावर दारू पोटात गेली तर चेहरा लाल होणं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं, इथपर्यंत जाऊ शकतं. दुसरं, रोज भरपूर पिणाऱ्याने ‘उद्यापासून बंद’ असं परस्पर ठरवू नये. अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. कुणाशी बोलावं कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

गोव्याच्या आय.व्ही.ला तो आला नाही. सगळ्यांनी आग्रह केला, मी केला नाही. एका कारखान्यात दोन तास आणि उरलेले तीन दिवस कशात जातात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या तीन दिवसांत त्याने बाहाच्या गाडीचं स्टिअरिंग बसवलं. फोटो टाकले, त्यात तो एकटाच होता. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. सोबत मिळाली म्हणून काही गमावलं नाही असं नाही. जुन्या ग्रुपमधले तिघं आता त्याच्याशी फक्त “काय भाऊ” एवढंच बोलतात. भांडण नाही. पण आमच्यात दारूखेरीज काही नव्हतंच, हे ती बाजूला केल्यावर दिसलं. मी अजून अधूनमधून घेतो, संत झालेलो नाही. पण खोलीत आणत नाही, आणि घेतली की त्या रात्री दुसऱ्याच्या खोलीत झोपतो. हा नियम त्याने केलेला नाही. शर्टाच्या वासाचं ते वाक्य ऐकल्यावर तो मीच केला.

पुढच्या मंगळवारी त्याचं वर्ष पूर्ण होतंय. मोजणी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासूनची, जुने 35 दिवस त्यात धरलेले नाहीत. (हा अंक तुमच्या हातात येईल तोवर ते होऊनही गेलेलं असेल.) ए.ए.त याला वाढदिवस म्हणतात. मीटिंग ओपन आहे, म्हणजे व्यसन नसलेलेही येऊ शकतात. त्याची आई सोलापूरहून येणार आहे, बाहाची टीम येणार आहे. चहा वाईट असतो ही तक्रार वर्षभर ऐकल्यामुळे त्या दिवसाचा चहा माझ्याकडे आलाय. चाळीस माणसांना दूध किती लागतं ते मेसच्या मावशींना विचारायचं आहे. त्या म्हणतात, आधी साखर किती ते सांग.

— बी.ई. मेकॅनिकल, ‘सी’ ब्लॉक